बेस काढून टाकलेली गाणी

मार्च महिन्याशी माझं कधी पटलं नाही. फेब्रुवारी संपतो, पनवेलची उरलीसुरली थंडी कर्नाळ्याच्या मागे कुठेतरी निघून जाते, आणि एक दिवस दुपारी खिडकीच्या गजाला हात लागला की चटका बसतो. रस्त्याच्या कडेला ताडगोळेवाल्या बसायला लागतात. शाळांच्या फाटकांवर परीक्षेच्या नंबरांचे कागद लागतात आणि त्या कागदांसमोर आया आपल्या पोरांपेक्षा जास्त घाबरून उभ्या असतात. संध्याकाळ झाली की गावागावातून हळदीचे स्पीकर चालू होतात. लोक याला लग्नसराई म्हणतात. मी म्हणते, आला बाई पुन्हा.

आता मी खारघरला राहते, सातव्या मजल्यावर, एकटी. खाली बेलपाडा गाव आहे. खारघर म्हणजे काय तर ही गावं होती, त्यांच्या आजूबाजूला आमच्यासारख्यांच्या बिल्डिंगा येऊन बसल्या. गाव आपलं मधोमध तसंच आहे, आपली हळद, आपली जत्रा, आपले आवाज घेऊन. सोसायटीतले लोक कुरकुरतात, पोलिसांना फोन करू म्हणतात. मी कधी कुरकुरत नाही. खिडकी तेवढी लावून घेते, आणि त्याचं कारण आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दहा वर्षांपूर्वीचा मार्च मी जुन्या पनवेलच्या आमच्या घरात बसून काढला. बसून म्हणजे बसवून. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला इतके विषय राहिले की कॉलेजने पुढच्या वर्गात घेतलंच नाही. याला आमच्याकडे वायडी लागणं म्हणतात. म्हणजे वर्षभर घरी बसा, राहिलेले पेपर मे महिन्यात द्या, आणि तोवर नातेवाइकांना तोंड द्या. बाबा बोटीवर नोकरीला, सहा सहा महिने समुद्रात. आई पंचायत समितीत. साडेनऊला ती डबा घेऊन निघाली की संध्याकाळी सहापर्यंत घरात मी, पंखा आणि मॅथ्सचं पुस्तक. मैत्रिणी तिसऱ्या वर्षाला गेल्या. सुरुवातीला रोज मेसेज यायचे, मग रविवारी, मग वाढदिवसाला. त्यांची काही चूक नव्हती. त्यांना नवे विषय होते, नवे सर होते, नवी भांडणं होती, आणि माझ्याकडे सांगायला काय, तर आज पण भेंडी.

त्या वर्षी मला ती फोडलेली गाणी सापडली.

त्याच्या काही वर्षं आधी गिटार वाजवायचा एक व्हिडिओ गेम निघाला होता. परदेशात पोरं प्लास्टिकची गिटार गळ्यात अडकवून टीव्हीसमोर तो खेळायची. बटण चुकलं की गाण्यातली गिटार गप्प, बाकीचं गाणं चालू. हे जमावं म्हणून गेमवाल्यांनी मोठमोठ्या रॉक बँडची खरी रेकॉर्डिंग्ज सुटी सुटी करून आत घातली होती: ड्रम वेगळे, तळाचा जाड आवाज देणारा बेस वेगळा, गिटार वेगळी, गळा वेगळा. कुणीतरी हुशार माणसाने त्या फाइली उकलल्या आणि मग काय, जगभरच्या चाहत्यांना उद्योगच मिळाला. याचे ड्रम काढ, त्याची गिटार घाल. एका अल्बमचा बेस ऐकूच येत नाही म्हणून लोक वर्षानुवर्षं बोंबलत होते, तर एकाने तो अख्खा अल्बम स्वतः बेस वाजवून पुन्हा चढवला. एकाने सगळं काढून फक्त गाणाऱ्याचा श्वास ठेवला. या सगळ्यांचा इंटरनेटवर गप्पांचा एक फोरम होता. मी त्यात शिरले ते सहज, आणि नंतर मॅथ्सचं पुस्तक कीबोर्डखाली टेकू म्हणून कामाला आलं.

पहिल्यांदा एका गाण्याचा नुसता बेस ऐकला ती दुपार मला लख्ख आठवते. गाणं शंभरदा ऐकलेलं. पण त्यातला हा माणूस मी कधी ऐकलाच नव्हता. गाणं सुरू होण्याआधी तो खुर्चीत नीट बसतो, खुर्ची करकरते. एकदा खोकतो. मग वाजवायला लागतो, आणि मध्ये सोळा मात्रा नुसता थांबून राहतो, कारण तिथे गिटारवाला आपलं कौतुक करून घेणार असतो. एकटाच वाजवत होता बिचारा, पण त्याला माहीत होतं की बाकीचे येणार आहेत. मला इतकं भरून आलं की मी उठून चहा केला आणि दोन कप केला. दुसरा कप मग मीच प्यायले.

माझ्याकडे बेस गिटार होती. कॉलेज सोडून जाणाऱ्या एका सीनिअर ताईने जाताना दिलेली, चार तारांची, गळ्यात घेतली की खांदा भरून येणारी. कॉलेजात असताना मला कुठल्याच बँडमध्ये घेतलं नव्हतं. आता मला बँडच बँड होते. मी गाणं उघडायचे, बेसवाल्याचा आवाज शून्य करायचे आणि त्याच्या जागी स्वतः वाजवायला बसायचे. रोज दुपारी अकरा ते चार. त्या माणसाचं मला थोडं वाईट वाटायचं. मनातल्या मनात म्हणायचे, काका, जरा चहा पिऊन या, तोवर मी सांभाळते. ड्रमवाल्याला मी मामा करून टाकलं होतं. गाणारा भाऊजी. हसू नका. दिवसाचे पाच तास ज्यांच्याबरोबर काढायचे त्यांना काहीतरी म्हणावं लागतंच.

आता विचार केला की कळतं, मी काय करत होते. दर दुपारी एका माणसाला घराबाहेर काढून त्याच्या ताटावर बसत होते. पण तेव्हा ते सुख होतं, खरंच सुख होतं. डोळे मिटले की मामा डावीकडे, भाऊजी पुढे, आणि मी मागे जरा अंधारात, सगळ्यांचं वजन पेलत. गाणं संपलं की पंख्याचा आवाज यायचा. मग मी पुन्हा पहिल्यापासून लावायचे.

आईला दारातून ऐकू यायचं ते फक्त माझं घूं घूं. हेडफोनमधला बँड तिला कुठून ऐकू येणार? एकदा शनिवारी तिने दार ढकललं.

"कुणाशी बोलत होतीस गं?"

"कुणाशी नाही. वाजवत होते."

"मामा म्हणालीस. मी ऐकलं."

मी काहीतरी थाप मारली. ती उभी राहिली दारात, पदराला हात पुसत. मग एवढंच म्हणाली, "दोन गणितं तरी सोडव गं आज," आणि गेली. ती गणितासाठी आली नव्हती, हे मला तेव्हाही कळलं होतं.

मी एक गाणं फोरमवर टाकलं, माझा बेस चढवलेलं. दोन दिवस पान उघडझाप करत बसले. एकच उत्तर आलं. कुणीतरी लिहिलं होतं की सूर बरोबर, ताल बरोबर, पण वाजवणारा दुसऱ्या घरात बसून वाजवतोय असं वाटतं. डोकंच फिरलं माझं. म्हटलं, दुसऱ्या घरातच आहे मी, मेल्या, पनवेलला आहे! रागारागात वायर ओढली आणि गिटारची पिनच तुटली.

म्हणून मी जनादादांकडे गेले.

जनादादांचं दुकान म्हणजे वडाळे तलावाच्या अलीकडे एक टपरी होती. मांडवाचे ॲम्प्लिफायर, मिक्सर, भजनी मंडळांचे माइक असं सगळं दुरुस्तीला तिथे यायचं. आत एक माणूस मावेल एवढी जागा आणि तो माणूस चांगला अंगापिंडाने भरलेला. त्यांचं गाव पनवेलजवळचं कोन. दिवसा सोल्डरिंग, आणि लग्नसराईत संध्याकाळी स्वतःची बेंजो पार्टी. आपल्याकडे बेंजो म्हणजे बटणं दाबून वाजवायचं तारांचं वाद्य. ते, कॅसिओ, ढोलकी आणि ड्रम अशी चार-पाच जणांची टोळी असते आणि पनवेल-उरणकडची हळद तिच्याशिवाय होत नाही. दादांनी पिन बसवली, आपल्या एका भल्याथोरल्या स्पीकरला लावली आणि म्हणाले, "वाजीव."

"इथे?"

"मंग काय ठेसनात जातंस?"

मी वाजवलं. टपरीच्या पत्र्यावरचे खिळे वाजायला लागले. समोरचा वडापाववाला बाहेर येऊन बघायला लागला. दादा मान तिरकी करून ऐकत होते.

"कोनासंगं वाजवतंस?"

"कुणासंगं नाही. घरीच."

"कॉम्पूटरवर?"

"हो."

"आमचा कॅसिओवाला खालचा आवाज देतो. पन त्याला पोट नाय. शनवारी दुपारी ये कोनला, पॅक्टीस हाय." मग माझ्याकडे नीट बघून पुढे म्हणाले, "आईला इचारून ये. नायतर लोक बोलतील, जनानी पोर पळवली."

आईला विचारलं. मला वाटलं ती परीक्षेचं काढेल. तिने पोळी तव्यावर तशीच ठेवून विचारलं, "खरी माणसं आहेत ना?"

"हो."

"मग जा."

कोनची ती दुपार मी विसरणार नाही. घराच्या मागे पत्र्याची शेड, पलीकडे एक्सप्रेसवेवरून ट्रेलर जायचे त्यांचा घरघराट, आणि मधे आम्ही. सुपातल्या वालाच्या शेंगा बाजूला सारून मला बसायला जागा केली. हळदीची गाणी सोपी, एकच ठेका, तीनच सूर. माझं पाठांतर पक्कं. मी मामाबरोबर जसं वाजवायचे तसंच वाजवलं, खाली मान घालून, जराही न हलता. दादा खूश. म्हणाले, "आज आपल्या बेंजोला पोट आलं!" आणि सगळे हसले, मीही हसले. दादांच्या बायकोने निघताना पिशवीत शेंगा घातल्या. घरी येऊन मी त्या सोलत बसले आणि आई समोर बसून सोलायला लागली. तिचा चेहरा कितीतरी महिन्यांनी सैल दिसत होता.

त्या आठवड्यात मी फोरम उघडला नाही. एकदाही नाही. माझ्या डोक्यात एकच होतं: आता मी एका पार्टीत आहे. पुढच्या शनिवारी कोनलाच हळद होती, आणि ती नीट झाली तर दादा मला सगळ्या सीझनला घेणार होते. ते तसं म्हणाले होते. ऐन वायडीत माझ्या आयुष्यात कुणीतरी सीझनभर मला घेणार होतं!

हळदीला संध्याकाळी सहाला उभे राहिलो. उजेड होता अजून. मांडवात पिवळे कपडे, पिवळे गाल, पिवळी पोरं. तासभर आम्ही दणकून वाजवलं. मग दादांनी हात वर केला, सगळे थांबले आणि चहाला गेले. मी गेले नाही. गळ्यात गिटार तशीच ठेवून स्पीकरजवळ बसून राहिले.

तेवढ्यात नवरीला पाटावर बसवलं आणि एक म्हातारी गायला लागली. ती धवलारीण होती. आगरी लग्नात प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि ते म्हणणारी ही बाई. ती गाते तेव्हाच हळद लागते. सगळे तिला चांगूबय म्हणत होते. काळी, बारीक, हिरवं लुगडं, समोरचे दात गेलेले. तिने एक ओळ टाकली की तिच्या मागे बसलेल्या दोघी बायका ती ओळ झेलायच्या, म्हणजे तशीच परत म्हणायच्या. हळद शेतात कशी लावली, कुणी उपटली, कुठल्या जात्यावर दळली, असं ते गाणं सावकाश चाललं होतं. साथीला काहीही नव्हतं. ढोलकी नाही, टाळ नाही, पेटी नाही.

आता माझी खोड ऐका. सहा महिने रोज फोडलेली गाणी ऐकून माझ्या कानाला सवय लागली होती, की आहे ते नंतर ऐकायचं, काय नाही ते आधी. नुसता गळा ऐकला की माझ्या लेखी ते गाणं अर्धवट. कुणीतरी बाकीचं काढून टाकलंय, आणि खाली बेसची जागा रिकामी आहे. धवला मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. कुणाला विचारावं, हेसुद्धा सुचलं नाही. मला तर आनंदच झाला की इथे माझी गरज आहे. मी सूर शोधला, चटकन सापडला, आणि मी वाजवायला लागले.

दोन माणसांएवढ्या स्पीकरमधून.

मी खाली मान घालून वाजवत होते, मोजून, जराही न हलता. चांगूबयला मात्रा-बित्रा काही नव्हत्या. ती श्वास संपला की थांबायची, आठवलं की पुढे जायची, नवरीच्या अंगाला हात लागेपर्यंत एखादा शब्द लांबवायची. माझं आपलं घूं घूं चालू. तिची ओळ आणि माझी मात्रा एकमेकींच्या पायात आल्या, आणि ती थांबली.

मी आणखी चार मात्रा वाजवल्या. मग मान वर केली.

अख्खा मांडव माझ्याकडे बघत होता. नवरीच्या मावशीचा हळदीचा हात हवेत. कुणीतरी ओरडलं, "ए, बंद कर गो ता! धवल्यात वाजवतात का कुठं?" एक बाई रडवेली झाली, धवला मधेच तुटला म्हणून. नवरीचा काका तरातरा पुढे आला आणि म्हणाला, पार्टी उचला, आमाला नको. जनादादा चहाचा ग्लास हातात घेऊन धावत आले. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हात जोडून काकाला म्हणाले, "माजी चूक हाय. मीच सांगितलं व्हतं तिला वाजवायला. नवीन कायतरी करू म्हनून."

साफ खोटं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"वाजवनारी कोन हाय?" चांगूबयने विचारलं. मग मी दिसले तिला. "अगो, ही तं पोर हाय! हिकडं ये."

मी गेले.

"कोनाला बगून वाजवत व्हतीस?"

मी गळ्यातल्या गिटारकडे बघितलं.

"मी हितं हाय, गाते. तू माज्याकडं एकडाव पन बगितला नाय." आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होती ती, नवल वाटून. मग मागे सरकल्यासारखं करून म्हणाली, "ता लाकूड ठेव तिकडं. ये, माज्या मागं बस. ह्या दोघी झेलतान, त्यांच्यासंगं तू पन झेल. आजून एक गला झाला तं काय वाईट नाय."

दोघी बायका सरकल्या. मी त्यांच्यामध्ये बसले. एकीच्या दंडाची ऊब माझ्या दंडाला लागत होती. चांगूबयने धवला पुन्हा पहिल्यापासून धरला. ओळ टाकली, थांबली, मान वळवून माझ्याकडे बघितलं. दोघींनी झेलली. माझं तोंड उघडेना. दुसरी ओळ. पुन्हा थांबली, पुन्हा बघितलं, या वेळी जरा जास्त थांबली. नवरी पाटावर, हळद वाटीत, अख्खा मांडव ताटकळलेला, आणि ती म्हातारी माझ्यासाठी थांबलेली. सहा महिन्यांत एकही माणूस माझ्यासाठी अर्धी मात्रा थांबला नव्हता. भाऊजी थांबले नव्हते, मामा थांबले नव्हते. मला ते सोसलं नाही. "पाणी पिऊन येते" म्हटलं, उठले, मांडवाबाहेर पडले आणि समोर दिसली त्या रिक्षात बसून घरी आले.

दुसऱ्या दिवशी दादा गिटार घेऊन आले. मी आतल्या खोलीत होते. आईला खूण केली, नाही म्हणून सांग. आईने माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. पण बाहेर जाऊन ती म्हणाली, "बाहेर गेलीये ती."

"बरा. ही ठेवा तिची. आनि तिला सांगा, पार्टीला कोन काय बोलला नाय, नंतर वाजवला आमी." जाता जाता म्हणाले, "चांगूबय इचारत व्हती तिला."

आठवड्याने ते पुन्हा एकदा आले. तेव्हाही मी आतच होते. तिसऱ्यांदा ते आले नाहीत, आणि मी त्यांच्या टपरीवरून जाणं सोडलं. तलावाला वळसा घालून जायचे, उन्हातून, दहा मिनिटं जास्त. सगळे समजले मला लाज वाटली. वाटलीच होती. पण नुसत्या लाजेने माणूस दहा वर्षं खिडकी लावून घेत नाही. मला कुणाला तरी काढून त्याच्या जागी बसायची सवय होती. तिथे कुणालाच काढलेलं नव्हतं. दोघी होत्याच, तरी सरकून मला तिसरी म्हणून घेतलं होतं. एवढं साधं मला घेता आलं नाही, याचं दुःख मी लाजेच्या नावावर खपवत आले.

मे महिन्यात माझे सगळे पेपर सुटले. नोकरी लागली, घर झालं, चालू आहे सगळं. गिटार माळ्यावर आहे. आईने एकदाच विचारलं होतं, "ती कोनची माणसं बरी होती नाही गं?" मी हो म्हटलं आणि वर्तमानपत्र उघडलं.

यंदाच्या मार्चमध्ये एका रविवारी संध्याकाळी मी खिडकी लावायला गेले आणि हात तसाच राहिला. बेलपाड्यातून धवला येत होता आणि तो आवाज मी ओळखला. दात नसलेल्या तोंडातून शब्द थोडे ओले होऊन निघतात, तसा. मी घरातल्या कपड्यांवर, घरातल्या चपला घालून खाली पळाले. गल्लीतून वाट काढत मांडवापाशी पोचले. पाटावर नवरी होती, हळद चालू होती, बायका बसल्या होत्या, अर्ध्या फोनमध्ये बघत. चांगूबय मात्र कुठेच नव्हती. आवाज स्पीकरमधून येत होता.

साउंडवाल्याला विचारलं, हा आवाज कुणाचा.

"कोनची चांगूबय. गेली ती, तीन-चार वरसं झाली. आता धवलारनी मिलत नाय हो मॅडम. ह्यो पेनड्राइव सगल्या हळदींना चालतो. जनादादानी रेकॉर्ड करून ठेवलेला, ती व्हती तवा."

आवाजाखाली काहीतरी होतं. मी जवळ गेले. बेस होता. अगदी हळू, तिची ओळ संपेपर्यंत गप्प राहणारा, तिने शब्द लांबवला की तोही लांबणारा. वाजवणाऱ्याने तिच्या तोंडाकडे बघत वाजवला होता, ते कळत होतं.

"बेस कोणी वाजवलाय?"

"दादानीच वाजवला शेवटी," तो म्हणाला.

शेवटी म्हणजे काय, हे मी त्याला विचारलं नाही. त्याने फाइल माझ्या फोनवर पाठवली. दादांचा नंबर पण दिला. कोन सोडलंय त्यांनी, मुलाकडे असतात, हात कापतो म्हणे आता. नंबर सेव्ह करून ठेवलाय. फोन अजून केलेला नाही. काय बोलायचं, ते रोज ठरवते.

पूर्वी ज्यासाठी लोकांनी गेमच्या फाइली उकलल्या, ते काम आता मोबाइलवर मिनिटभरात होतं. कुठलंही गाणं घाला, बेस बाजूला, गळा बाजूला. परवा आईकडून लोणच्याची बरणी आली, ती ठेवायला माळा उघडला तेव्हा गिटार खाली काढली, आणि न राहवून त्या धवल्यातला दादांचा बेस काढून बघितला. जागा झाली माझ्यासाठी, अगदी पूर्वीसारखी. वाजवायला बोटं ठेवली, आणि वाजवलं नाही. त्यांचा बेस होता तिथे परत ठेवून दिला.

आता ऑफिसातून आले की मी तो धवला लावते. खिडकी उघडी असते. चांगूबय ओळ टाकते आणि त्या दोघी झेलतात. त्यांच्यात बसून मीही झेलते, मोठ्याने, शेजारी काय म्हणतील याची पर्वा न करता. शब्द पाठ झालेत. सूरही बरा लागतो. कधी एखादा शब्द अडतो, मी मागे राहते. चांगूबय पुढच्या ओळीला लागलेली असते. ती आता माझ्यासाठी थांबत नाही.